वितीएवढा मासा

आमच्या घरमालकांचा उजवा हात हे गल्लीतलं एक माप होतं. तळ्यावरून कुणी मासे घेऊन चाललं की मालक ओट्यावरून उठायचे, दोन पायऱ्या उतरायचे आणि काही न विचारता त्याच्या पिशवीत हात घालायचे. एक मासा बाहेर काढून फरशीवर आडवा ठेवायचा आणि त्याच्यावर अंगठ्यापासून करंगळीपर्यंत वीत ताणायची. मासा वितीत बसला तर "खा" म्हणायचं. वितीबाहेर गेला तर "ह्याला सोडून या" म्हणायचं. मेलेला मासा कुठं सोडून यायचा हे त्यांनी कधी सांगितलं नाही, आणि कुणी सोडूनही आलं नाही. बाया पदराखाली झाकून न्यायच्या, गडी माणसं मागच्या बोळानं जायची. एकानं तर भलीमोठी मरळ दुमडून जेवणाच्या डब्यात कोंबली होती आणि मालकांना रामराम घालून पुढं गेला होता. शेपूट बाहेर लोंबत होतं. मालकांनी ते पाहिलं, पण ते भांडणारे नव्हते. दिवसभर मात्र त्यांना जेवण गेलं नाही, असं मालकीणबाईंनी मला सांगितलं.

ऐंशीच्या दशकाची ती मधली वर्षं. आष्टीच्या पलीकडच्या एका गावात मी हायस्कुलात विज्ञान शिकवत होते. नवरा परतूरला कारकून, सकाळच्या एसटीनं जायचा आणि दिवेलागणीला यायचा. मालकांच्या घराच्या मागच्या दोन खोल्या आम्ही भाड्यानं घेतल्या होत्या. मालक आणि मालकीणबाई पुढं राहायचे. घर गावाच्या टोकाला, जरा उंचावर होतं आणि आमची मागची खिडकी सरळ तळ्याकडं उघडायची. दुष्काळी कामावर बांधलेला तो पाझर तलाव. ज्या बायांनी डोक्यावरून माती वाहून बांध घातला, त्यातल्या काही अजून आमच्या गल्लीत होत्या आणि तळ्याविषयी त्या घरच्या म्हशीविषयी बोलावं तसं बोलायच्या.

शाळा सकाळची असायची. दुपारी मी परत येऊन आडवी व्हायचे. ऊन कललं की पाण्यावरून उडालेला उजेड आमच्या छताच्या पत्र्यावर येऊन हलत राहायचा. मला तेव्हा चौथा महिना होता आणि झोप फार यायची. उजेडाकडं बघता बघता डोळा लागायचा, मधूनच उघडायचा, तेव्हा उजेड जरा सरकलेला असायचा आणि खिडकीतून मालक दिसायचे. तळ्याच्या काठावर, पाय पाण्याला लागू न देता, उकिडवे. तासन्‌तास. ते खरंच बसले होते की मी स्वप्नात त्यांना बसवलं होतं, हे मला तेव्हाही नीट कळायचं नाही. ते दिवस मला पाण्याखालून पाहिल्यासारखे आठवतात.

मालक बोलायचे कमी आणि जे बोलायचे त्याचा अर्थ लागायला वेळ जायचा. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "धुतल्यानं रंग जातो." माझ्या साडीवर शाई सांडली आणि मी ती घासत बसले, तर जाता जाता म्हणाले, "धुतल्यानं रंग जातो." शेजारच्या दोन जावांचं भांडण होऊन पुन्हा गोडी झाली, तेव्हा सगळी गल्ली हसत होती आणि हे म्हणाले, "धुतल्यानं रंग जातो." मी नवऱ्याला म्हणायचे की हा माणूस संत तरी आहे नाहीतर येडा तरी. नवरा म्हणायचा, भाडं वाढवत नाही तोवर दोन्ही चालेल.

पाखरांवर त्यांचं बारीक लक्ष. तळ्याच्या सांडव्याजवळ एक लोखंडी नळ वर आला होता, त्यावर एक खंड्या बसायचा. निळा पक्षी पाण्यात सूर मारतो आणि मासा घेऊन वर येतो, हे आपण कौतुकानं बघतो. मालक मात्र परीक्षकासारखे बघायचे. एकदा मला हाक मारून त्यांनी दाखवलं. खंड्यानं सूर मारला, रिकामा वर आला. पुन्हा मारला, पुन्हा रिकामा. म्हटलं, चुकतो कधीतरी तोही. मालक म्हणाले, "कधीतरी न्हाई बाई. चार दिसांपासून चुकून राह्यलाय." आठवड्याभरात तो खंड्या दिसेनासा झाला. मालकांनी त्या नळाभोवतीचं गवत काढून जागा साफ करून ठेवली, दुसरा येईल म्हणून.

मांजरीची गोष्ट तर सगळ्या गावाला पाठ होती. गल्लीत एक ठिपक्यांची मांजर होती. मासे साफ करणाऱ्या बाया मुंडकी टाकायच्या, त्यावर ती पोसलेली. तिचं चालणं बिघडलं. एका बाजूला कलायची, गोल फिरायची, पायरी चढताना पाय हवेतच टाकायची. पोरं हसायची, दारू प्यायली म्हणायची. मालकांनी तिला टोपलीत घातलं, वर धोतराचं फडकं बांधलं आणि एसटीनं आष्टीला जनावरांच्या डॉक्टरकडं नेलं. कंडक्टर म्हणाला, टोपलीचं लगेज लागेल. मालक म्हणाले, लगेज न्हाई, पेशंट हाय. त्यावर सगळी गाडी हसली. डॉक्टरही हसला. म्हणाला, बैल आणा, म्हैस आणा, मांजर काय आणता, म्हातारी झाली असेल. मालकांनी विचारलं की हिच्या पोटात काय गेलंय ते बघता येईल का. डॉक्टर म्हणाला, उंदीर. मालक टोपली घेऊन परत आले. मांजर पुढं चार-आठ दिवसांत गेली आणि त्यांनी तिला लिंबाखाली खोल पुरलं. वर दगड ठेवले, कुत्र्यांनी उकरून खाऊ नये म्हणून. हे मला तेव्हा फार मजेशीर वाटलं होतं. शाळेत स्टाफरूममध्ये मी त्याची नक्कलही केली होती, ते आठवलं की आज मान खाली जाते.

मी विज्ञान शिकवते हे कळल्यापासून ते माझ्याकडं जरा वेगळ्या नजरेनं बघायचे. एका दुपारी दाराशी उभे राहिले. उंबऱ्याच्या आत ते कधी यायचे नाहीत. म्हणाले, आठवीच्या पुस्तकात कोण कुणाला खातं असा धडा हाय म्हणं, तो वाचून दावा. मी अन्नसाखळीचा धडा वाचला. शेवाळ, ते खाणारे बारीक किडे, ते खाणारे लहान मासे, त्यांना खाणारे मोठे मासे, वर बगळा नाहीतर माणूस. ते म्हणाले, पुन्हा. मी पुन्हा वाचला. असं चार-पाच दुपारी झालं. म्हातारपणी माणसाला शिकायची हौस आली, म्हणून मलाही बरं वाटत होतं.

मग एकदा त्यांनी विचारलं, "एका पोटातून दुसऱ्या पोटात जाताना कमी होतं का वाढतं?"

मी विचारलं, काय?

"पारा."

मला पारा म्हणजे थर्मामीटरमधला तेवढा माहीत. पुस्तकात उत्तर नव्हतं आणि शिक्षकाला ठाऊक नाही म्हणायला जड जातं. बघून सांगते म्हटलं. पाऱ्याशी तुमचा काय संबंध, असं मी विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं की जालन्याला बियाण्याच्या एका कंपनीत ते बरीच वर्षं कामाला होते. बियाण्याला किडीबुरशीचं औषध लावायच्या खात्यात. ड्रममध्ये ज्वारीचं बी घालायचं, पावडर घालायची आणि ड्रम फिरवायचा. बी गुलाबी होऊन बाहेर यायचं. "त्या पावडरीत पारा व्हता," असं म्हणाले आणि निघून गेले. मी औरंगाबादला माझ्या कॉलेजच्या बाईंना पत्र टाकलं. उत्तराला बरेच दिवस लागले.

मधल्या काळात माझ्या सासूबाई आल्या. शहागडच्या, गोदाकाठच्या. मासा हातात घेतला की तो कोणत्या डोहातला ते सांगणाऱ्या. सून पोटुशी, अंगावर मांस नाही, हे बघून त्यांचा जीव कळवळला. पोटुशीला मरळ द्यावी, अंगात बळ येतं, बाळाची हाडं भरतात, हे त्यांच्याकडचं पक्कं. दुसऱ्याच दिवशी तळ्यावर जाऊन त्यांनी कोपरापासून बोटांपर्यंत येईल एवढी मरळ आणली. मालक तेव्हा मळ्याकडं गेले होते, त्यामुळं माप झालं नाही. सासूबाईंनी तीळ-शेंगदाण्याचं वाटण घालून रस्सा केला. असा वास सुटला की मला सकाळपासूनची मळमळ विसरायला झाली. भाकरी कुस्करून मी ताट पुढं ओढलं.

आणि मालक आत आले. कधी उंबरा न ओलांडणारा माणूस, पायात चिखल तसाच. त्यांनी माझ्यापुढचं ताट उचललं. मग धोतराच्या सोग्यानं चुलीवरचं पातेलं धरलं आणि दोन्ही घेऊन बाहेर गेले. लिंबाखाली त्यांनी खड्डा केला, सगळं त्यात ओतलं आणि पायानं माती लोटली. सासूबाईंच्या तोंडून आधी शब्दच फुटेना. मग असा फुटला की गल्ली गोळा झाली. पोटुशीच्या तोंडचा घास काढला, याच्या हातून पाप झालं, याच्या घरात पोर का नाही ते आता कळलं. हे शेवटचं त्या बोलल्या तेव्हा मालकीणबाई दारात उभ्या होत्या. मालकांचे हात रश्श्यानं भाजले होते. ते एवढंच म्हणाले, "वितीपेक्षा मोठा व्हता."

त्या संध्याकाळी नवरा आला आणि पहिल्यांदाच मालकांशी मोठ्या आवाजात बोलला. खोली सोडायचं ठरलं. मला राग होताच, पण खरं सांगायचं तर भूक जास्त होती.

दुसऱ्या दिवशी सासूबाई पाण्याला गेल्या तेव्हा मालकीणबाई आमच्याकडं आल्या. भाकरी आणि ठेचा पदराखाली आणला होता. माफी मागायला आलेली बाई, पण बोलू लागल्यावर त्यांचा चेहरा हळूहळू उजळत गेला. म्हणाल्या, त्यांचं मनावर घेऊ नका, पोरगी गेली तवापासून त्यांच्या डोक्यात मासे शिरलेत. लग्नानंतर त्यांचे दोन गर्भ पडले होते. कुणीतरी सांगितलं, दर शनिवारी माशांना दाणे घाला, जीव जगवा म्हणजे तुमच्या घरात जीव येईल. कंपनीत जमिनीवर सांडलेलं, झाडून काढलेलं बी फेकूनच द्यायचे. मालक ते धडप्यात बांधून आणायचे. पावडरीच्या डब्यावर कवटी होती, ती सगळ्यांनाच ठाऊक होती. पण विष त्या गुलाबी रंगात आहे अशी तिथल्या गड्यांची समजूत. रंग गेला की विष गेलं. म्हणून मालक तळ्याच्या काठी बसून ते बी सात पाण्यांनी धुवायचे, पांढरंशुभ्र होईपर्यंत, आणि मग माशांना घालायचे. तीन-चार वर्षं एक शनिवार चुकला नाही. मासे त्यांच्या पावलाला ओळखायचे, म्हणाल्या. पाणी नुसतं उकळल्यासारखं व्हायचं.

आणि मग खरंच दिवस राहिले. "लई जपलं हो मला. तळ्यातला सगळ्यात मोठा मासा माझ्यासाठी आणायचे. सोत्ता काटे काढून द्यायचे. नऊ महिने म्या राणीवाणी खाल्लं."

मुलगी झाली, देखणी झाली. पण तिनं मान धरली नाही. थाळी वाजवली तरी वळून बघायची नाही. हातपाय आपोआप आखडायचे. मालकीणबाईंनी सहा वर्षं तिला मांडीवर वाढवलं आणि एका पावसाळ्यात ती तापानं गेली. "देवाची मर्जी," त्या म्हणाल्या. त्यानंतर मालकांनी कंपनी सोडली आणि तळ्याच्या काठी बसायला लागले. भाकरी संपेपर्यंत त्या माझ्याजवळ बसल्या आणि माझ्या केसांतून हात फिरवून गेल्या. त्यांच्या मनात कसलाही संशय नव्हता.

चार दिवसांनी औरंगाबादच्या बाईंचं पत्र आलं. तीन पानी, स्वच्छ अक्षरात. पारा पाण्यात गेला की गाळात बसतो, तिथून शेवाळात, किड्यात, लहान माशात जातो आणि प्रत्येक पोटात वाढत जातो. मोठा, म्हातारा, दुसऱ्या माशांवर जगणारा मासा असेल तर त्यात सगळ्यात जास्त. धुऊन जात नाही, शिजवून जात नाही. मासे खाणारी पाखरं, मांजरं आधी कळवतात. हे दोन पानांत होतं. तिसऱ्या पानावर आईच्या पोटातल्या बाळाचं होतं.

मी मालकांना दाराशी बोलावून पत्र वाचून दाखवलं. दोन पानं वाचली आणि घडी घातली. ते ऐकत होते, मधूनच मान हलवत होते. पाखरामांजरांचं आलं तेव्हा डोळे मिटले. वाचून झाल्यावर माझ्या हातातल्या कागदांकडं त्यांनी जरा वेळ पाहिलं आणि काही न विचारता गेले. नवऱ्याला मी सांगितलं की खोली सोडायची नाही. सासूबाईंना पाऱ्याचं काही पटलं नाही, पण त्यांनी पुन्हा मरळ आणली नाही. मी वितीएवढाही मासा खाल्ला नाही. उरलेले महिने मी त्या छतावरच्या उजेडाखाली पडून पोटावर हात ठेवायचे, बाळ हललं की मोजायचे, हललं नाही की घाबरायचे. आधी किती मासे खाल्ले होते, किती मोठे होते, हे आठवत बसायचे. तसली भीती वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये.

शाळेत मात्र मी बोलले, मालकांचं नाव न घेता. ग्रामपंचायतीत पत्र दिलं. सरपंच भला माणूस, चहा पाजला आणि म्हणाला, बाई, एवढं मोठं तळं मूठभर बियाण्यानं बाटत नसतं. पाणी तपासून घ्यायला आष्टीलाही सोय नव्हती आणि परतूरलाही. मासे धरणाऱ्या घरांनी मला वाटेत अडवून विचारलं, आमी काय खायचं मंग. ती माणसंही तळ्यावरच जगत होती.

बाळंतपणाला मी माहेरी गेले. मुलगी झाली. ती महिन्याची झाली तेव्हा माझा भाऊ मुद्दाम तिच्या पाठीमागं थाळी आपटायचा आणि ती दचकून रडली की मी आनंदानं रडायचे. घरच्यांना वाटायचं, हिला बाळंतवात झालाय. पाच महिन्यांनी मी गावाला परतले. मालकीणबाईंनी भाकरतुकडा ओवाळून लेकीला आत घेतलं आणि दिवसभर खाली ठेवलं नाही. मालक लांबूनच बघायचे. ओट्यावर बसून, चुलत्यानं पुतणीकडं बघावं तसं, पण जवळ यायचे नाहीत.

एका दुपारी लेक झोपली होती. छतावर उजेड हलत होता. मालकीणबाई पुढच्या अंगणात डाळ निवडत होत्या, सुपाचा आवाज येत होता. मालक आले आणि उंबऱ्याबाहेर खाली बसले.

"त्या पत्राचं तिसरं पान ऱ्हायलं बाई," ते म्हणाले. "तवा तुम्ही पोटुशा व्हत्या, म्हणून म्या इचारलं न्हाई."

मी लेकीच्या अंगावर पांघरूण ओढलं.

"माझ्या पोरीला माझ्यामुळंच झालं का?"

एवढ्या महिन्यांत मी या प्रश्नाचं उत्तर कितीदा तरी तयार केलं होतं. तेच दिलं. म्हटलं, कुणाला सांगता येणार आहे, मालक? कुणी तपासलं नाही, कुणी बघितलं नाही. अशी मुलं कुणाच्याही घरी होतात, मासे न खाणाऱ्यांच्याही. तुम्ही मनाला लावून घेऊ नका.

त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग झोपलेल्या माझ्या लेकीकडं पाहिलं.

"मंग तुमच्या तोंडचा घास म्या उगंच काढला."

ते रागानं नाही म्हणाले, दुखवायला तर नाहीच. त्यांना खरंच ऐकायचं होतं मी काय म्हणते ते. मी हो म्हटलं असतं तर त्यांच्या मुलीचं ओझं उतरलं असतं आणि हा माणूस पुन्हा नुसता येडा झाला असता, गल्लीत मासे मोजणारा. लेक झोपेत मूठ उघडत होती, मिटत होती. तिच्यासमोर मला ते खोटं बोलवेना.

"नाही," मी म्हटलं. "तो घास काढलात ते बरोबर केलंत."

त्यांना कळलं. मी बोलले नाही तेही कळलं. मला वाटलं ते रडतील, पण ते रडले नाहीत. धोतराचा सोगा सारखा करत तसेच बसून राहिले. बाहेर सुपाचा आवाज चालू होता. त्या आवाजाकडं त्यांनी मान वळवली आणि हलक्या आवाजात म्हणाले,

"हिला नका सांगू. तिला त्ये मासे लई गोड लागले व्हते."